लैंगिक कल कसा विचारावा आणि कसा नोंदवावा

एखाद्या व्यक्तीचा लैंगिक कल तिला वाटणाऱ्या आकर्षणावरून ठरवायचा की तिच्या प्रत्यक्ष वर्तनावरून, हा प्रश्न समुपदेशक, डॉक्टर, समाजकार्याचे विद्यार्थी आणि आरोग्य सर्वेक्षणात काम करणारे कार्यकर्ते यांच्यासमोर वारंवार येतो. तो व्याख्येचा वाद म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण त्याचे उत्तर चुकले की समोरच्या माणसाला दिलेला सल्लाही चुकतो आणि त्या सल्ल्याची किंमत त्याला, कधी कधी त्याच्या पत्नीलाही, वर्षानुवर्षे मोजावी लागते. माझे मत सुरुवातीलाच स्पष्टपणे मांडतो. लैंगिक कल आकर्षणावरून ठरतो. वर्तन ही वेगळी माहिती आहे आणि व्यक्ती स्वतःला काय म्हणवून घेते ही तिसरी. या तिन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात, स्वतंत्रपणे नोंदवाव्यात आणि एकीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

आकर्षणाला प्राधान्य देण्याचे कारण आपल्या रोजच्या अनुभवातच आहे. ज्या तरुणाचा अजून कोणाशीही शारीरिक संबंध आलेला नाही, त्यालाही आपले मन मुलींकडे ओढ घेते हे पक्के ठाऊक असते आणि त्याच्याकडे कोणी पुरावा मागत नाही. तेच एखाद्या मुलाने आपल्याला मुलगे आवडतात असे सांगितले, की त्याला लगेच विचारले जाते, 'पण तू तसे काही केले आहेस का?' एकाच्या बाबतीत आकर्षण पुरेसे आणि दुसऱ्याच्या बाबतीत वर्तनाचा दाखला आवश्यक, असा दुजाभाव कोणत्याही व्याख्येत बसत नाही. शिवाय वर्तन संधी, सक्ती, गरज, भीती, पैसा आणि घरच्यांची इच्छा अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. वसतिगृहात किंवा तुरुंगात काही काळ समलिंगी संबंध ठेवणारा पुरुष बाहेर आल्यावर केवळ स्त्रियांकडेच आकृष्ट होतो, असे घडते. आणि लग्न होऊन दोन मुले झालेल्या पुरुषाला आयुष्यात एकाही स्त्रीविषयी ओढ वाटलेली नसते, असेही घडते. दोघांच्या वर्तनावरून कल ठरवला, तर दोन्ही निष्कर्ष चुकतील.

अधिकृत व्याख्याही बहुतांशी याच बाजूला झुकतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या व्याख्येत भावनिक, प्रणयात्मक किंवा लैंगिक आकर्षणाच्या टिकून राहणाऱ्या धाटणीला लैंगिक कल म्हटले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या नाल्सा खटल्यात निकाल देताना लैंगिक कलाचे वर्णन दुसऱ्या व्यक्तीविषयी वाटणारे टिकाऊ शारीरिक, प्रणयात्मक किंवा भावनिक आकर्षण असेच केले. 2006 साली इंडोनेशियातील योग्यकार्ता येथे तयार झालेल्या तत्त्वांमध्ये मात्र आकर्षणाच्या जोडीला जवळिकीच्या आणि लैंगिक संबंधांच्या क्षमतेचाही उल्लेख आहे. तेथेही शब्द 'क्षमता' असा आहे, प्रत्यक्ष संबंध घडलेले असावेत अशी अट नाही.

भारतात हा प्रश्न दीर्घकाळ कायद्याच्या अंगाने चर्चिला गेला, आणि तो इतिहास काम करणाऱ्याला माहीत असणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील अनेक गैरसमज त्यातूनच आले आहेत. 1860 च्या भारतीय दंड संहितेतील कलम 377 मध्ये माणसाचा उल्लेख नव्हता, 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंधाच्या कृतीचा होता. याच आधारावर सर्वोच्च न्यायालयाने 11 डिसेंबर 2013 रोजी कौशल खटल्यात असे म्हटले, की हे कलम कोणत्याही गटाला किंवा कलाला गुन्हेगार ठरवत नाही, ते फक्त विशिष्ट कृत्ये गुन्हा ठरवते. कागदावर हा युक्तिवाद तर्कशुद्ध दिसतो. प्रत्यक्षात ज्या माणसाचे प्रेम त्या कृतीशिवाय व्यक्तच होऊ शकत नाही, त्याला 'तुझे आकर्षण मान्य आहे, वर्तन मात्र गुन्हा आहे' असे सांगण्यात काही अर्थ उरत नाही. 6 सप्टेंबर 2018 रोजी नवतेज सिंह जोहर खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हीच बाब ओळखली: कलमाची भाषा कृतीची असली तरी तिचा घाव विशिष्ट माणसांवर आणि त्यांच्या ओळखीवर पडतो. परस्परसंमतीने होणारे प्रौढांचे खासगी संबंध त्या दिवशी कलमातून वगळले गेले, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम उरलेच नाही. अर्थात लोकांच्या मनातून ते गेलेले नाही. 'हे बेकायदेशीर आहे ना?' असे विचारणारे आजही भेटतात, आणि त्यांना तारखेसह उत्तर देता आले पाहिजे.

आधी हेतू ठरवावा

प्रश्नावली हातात घेण्यापूर्वी आपल्याला ही माहिती कशासाठी हवी आहे, हे स्वतःला विचारावे. आपल्याकडे गोंधळ बहुतेक वेळा येथेच होतो.

एचआयव्ही चाचणी केंद्रात बसलेल्या समुपदेशकाला संसर्गाचा धोका तपासायचा असतो, आणि संसर्ग वर्तनातून होतो. म्हणून त्याने गेल्या काही महिन्यांत कोणाशी, कशा प्रकारचे आणि निरोध वापरून की न वापरता संबंध आले, हे विचारावे; आकर्षण कोणाविषयी वाटते हे त्या क्षणी विचारण्याचे कारण नाही. याच गरजेतून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीस साथरोगशास्त्रात 'पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष' ही संज्ञा रूढ झाली आणि 'एमएसएम' या आद्याक्षरांनी ती नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यक्रमातही आली. या संज्ञेचा मोठा उपयोग असा, की स्वतःला समलिंगी न म्हणवणारा, घरी संसार असलेला पुरुषही तिच्यात येतो आणि त्याच्यापर्यंत निरोध व उपचार पोहोचतात. मुंबईत 1994 साली स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टपासून पुढे महाराष्ट्रात या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्वच संस्थांना ही संज्ञा वापरावी लागली. तिची मर्यादाही लक्षात ठेवावी. ती वर्तनाचा शिक्का आहे, माणसाचे वर्णन नाही. त्याचे कोणावर प्रेम आहे, तो कोणासाठी रडतो, हे तिच्यात मावत नाही.

क्षेत्रात काम करताना कानावर पडणारे कोती (बायकी वळणाचा पुरुष), पंथी (कोतीचा पुरुषी जोडीदार), डबलडेकर (दोन्ही भूमिका घेणारा) हे शब्दही याच दृष्टीने समजून घ्यावेत. त्यांचा आधार प्रामुख्याने वागण्या-बोलण्यातील बायकीपणा किंवा पुरुषीपणा आणि संबंधातील भूमिका हा आहे. 'पंथी' हा शब्द तर बहुधा कोतीने आपल्या जोडीदारासाठी वापरलेला असतो. तो जोडीदार स्वतःला केवळ पुरुष समजतो आणि त्याला अशी काही वेगळी ओळख आहे हे त्याच्या गावीही नसते. म्हणून क्षेत्रीय कार्यकर्त्याने आपल्या डायरीत 'पंथी' असे लिहिले, म्हणजे त्या माणसाचा कल कळला, असे समजू नये.

हेतू आणि प्रश्न यांची फारकत झाली की काय होते, याचे ठळक उदाहरण रक्तदानाच्या नियमांत दिसते. 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तृतीयपंथी व्यक्ती आणि पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष यांना रक्तदानातून कायमचे वगळण्यात आले, आणि त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. सुरक्षित रक्ताचा आग्रह रास्तच आहे. परंतु एकाच जोडीदाराशी दहा वर्षे निष्ठेने राहणारा समलिंगी पुरुष बाद आणि अनेक स्त्रियांशी असुरक्षित संबंध ठेवणारा पुरुष पात्र ठरू शकतो, असा नियम वर्तन मोजत असल्याचा दावा करून प्रत्यक्षात गट मोजतो. ब्रिटनने जून 2021 पासून दात्याचे लिंग वा कल न पाहता सर्वांना अलीकडच्या वर्तनाविषयी तेच प्रश्न विचारण्याची पद्धत स्वीकारली. वर्तनाची माहिती हवी असेल, तर ती अशीच थेट आणि सर्वांकडून सारखी घ्यावी.

हेतू वेगळा असेल तर प्रश्नही वेगळा येईल. मनातील ताण, नातेसंबंध, लग्नाचा निर्णय अशा विषयांवर कोणी आले असेल, तर आकर्षण मध्यवर्ती ठरते. नोकरीत किंवा भाड्याच्या घरात झालेल्या भेदभावाची तक्रार असेल, तर त्या व्यक्तीची ओळख आणि इतरांनी तिच्याविषयी केलेला समज महत्त्वाचा ठरतो. लोकसंख्येचे सर्वेक्षण असेल, तर तिन्ही लागतात.

आकर्षणाविषयी विचारताना

'तुम्ही गे आहात का?' हा पहिला प्रश्न कधीही नसावा. तो ओळखीविषयीचा प्रश्न आहे, आणि ज्याने अजून स्वतःपाशीही तो शब्द उच्चारलेला नाही त्याला तो भिंतीकडे ढकलतो. त्याऐवजी साधी, वर्णनात्मक विचारणा करावी: 'तुमचे मन कोणाकडे ओढ घेते: पुरुषांकडे, स्त्रियांकडे, दोघांकडेही, की कोणाकडेच नाही?' चौथा पर्याय उच्चारून सांगणे फार महत्त्वाचे आहे. तो आपण वगळला, तर ज्या व्यक्तीला असे आकर्षण कधी वाटलेच नाही, ती उरलेल्या तीनपैकी एकात स्वतःला कसेबसे कोंबते. आकर्षण पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, व्यक्तीविषयी असल्यास तेही मोकळेपणाने सांगता येईल, अशी जागा बोलण्यात ठेवावी.

मग हळूहळू तपशिलात जावे. शाळेत असताना वर्गातील कोण समोर आले की बोबडी वळत असे, कोणाच्या आजारपणात जीव खालीवर होत असे, एकांतात मनात कोणाची कल्पना येते, कोणाबरोबर म्हातारपण घालवावेसे वाटते, हे प्रश्न पाठोपाठ नव्हे, तर गप्पांच्या ओघात विचारावेत. शारीरिक ओढ आणि भावनिक ओढ बहुतेकांच्या बाबतीत एकाच दिशेने जाते, पण सर्वांच्या बाबतीत नाही, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या विचाराव्यात. एखादी स्त्री सांगेल, की तिचा जीव मैत्रिणीत गुंतलेला आहे, परंतु शारीरिक इच्छा मात्र पुरुषाविषयीच होते. अशा वेळी तिच्या तोंडून एकच उत्तर काढून घेण्याची घाई करू नये. दोन्ही विधाने खरी असतात आणि दोन्ही तशीच लिहून घ्यावीत.

ज्यांना स्वतःच शांतपणे विचार करायचा आहे, त्यांना फ्रिट्झ क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने 1978 साली मांडलेला तक्ता उपयोगी पडतो. आकर्षण, वर्तन, कल्पनाविश्व, भावनिक पसंती, सामाजिक पसंती, जीवनशैली आणि स्वतःची ओळख अशा सात ओळी आणि भूतकाळ, वर्तमान व आपल्याला हवी असलेली स्थिती असे तीन स्तंभ आखून प्रत्येक चौकटीत एक (केवळ भिन्नलिंगी) ते सात (केवळ समलिंगी) असा अंक लिहायचा, एवढीच त्याची रीत आहे. अंकांची बेरीज करून निदान काढण्यासाठी तो वापरू नये. कोणत्या ओळीत आणि कोणत्या स्तंभात अंक एकदम बदलतात, तेथे थांबून बोलावे. आकर्षणाच्या ओळीत सातत्य आणि 'हवी असलेली स्थिती' या स्तंभात अगदी उलट अंक दिसले, तर ती व्यक्ती स्वतःच्या मनाशी झगडते आहे हे कळते आणि पुढचे संभाषण कोठून सुरू करायचे तेही कळते.

आकर्षण आणि शरीराची प्रतिक्रिया या दोन गोष्टीही वेगळ्या ठेवाव्यात. मेरेडिथ चिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्त्रियांच्या शरीराची प्रतिक्रिया त्यांनी सांगितलेल्या पसंतीपेक्षा बरीच व्यापक असल्याचे दिसले. समुपदेशनात याचे महत्त्व सर्वांत जास्त जाणवते ते लहानपणी अत्याचार सोसलेल्या पुरुषांशी बोलताना. 'त्या वेळी माझ्या शरीराने साथ दिली, म्हणजे मी तसाच आहे का?' हा प्रश्न ते वर्षानुवर्षे मनात बाळगून असतात. त्यांना निःसंदिग्ध शब्दांत सांगावे, की स्पर्शाला शरीराने दिलेला प्रतिसाद म्हणजे संमतीही नव्हे आणि कलही नव्हे. जे घडले ते दुसऱ्याचे वर्तन होते, आणि त्यावरून त्यांच्या कलाविषयी काहीही ठरत नाही. समोरची व्यक्ती 18 वर्षांखालील असेल, तर पॉक्सो, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचार रोखणाऱ्या, कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि गोपनीयतेची ही मर्यादा आपण तिला संभाषणाच्या आरंभीच सांगितलेली असावी.

आणखी एक सावधगिरी. 'मी समलिंगी तर नाही ना?' हा प्रश्न दिवसातून असंख्य वेळा मनात येणारी, रस्त्यावरच्या प्रत्येक पुरुषाकडे पाहून स्वतःच्या शरीराची तपासणी करणारी आणि कितीही खात्री दिली तरी तासाभरात पुन्हा तेच विचारणारी काही माणसे असतात. त्यांच्या बोलण्यात इच्छा नसते, भीती असते. हा कलाचा प्रश्न नसून मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा, एक प्रकार असू शकतो, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. याची उलट चूकही टाळावी: जो माणूस भीत भीत का होईना पण ओढीविषयी सांगतो आहे, त्याची भीती समाजाची असते, आणि तिला आजार म्हणू नये.

वर्तनाविषयी विचारताना

येथे नावे टाळावीत आणि कृतीविषयी विचारावे. 'समलिंगी संबंध आहेत का?' असे विचारल्यास अनेक पुरुष प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण मित्राबरोबर घडलेली गोष्ट त्यांच्या लेखी संबंध नसते, ती 'मस्ती' असते. 'गेल्या सहा महिन्यांत कोणा पुरुषाशी शारीरिक जवळीक झाली का?' असा ठरावीक कालावधी घालून विचारलेला प्रश्न अधिक खरे उत्तर आणतो. विवाहित स्त्रीला विचारताना एकांत असावा. सासू किंवा नवरा दाराबाहेर बसलेला असला तरी तिचे उत्तर बदलते. प्रत्येक संबंधात संमती होती का, हेही विचारावे. लग्नातला संबंध आहे म्हणून तो इच्छेचाच होता, असे गृहीत धरू नये.

व्याख्या बदलली की आकडा किती बदलतो, हे सर्वेक्षण करणाऱ्यांनी दोन जुन्या अभ्यासांतून शिकावे. अमेरिकन संशोधक अल्फ्रेड किन्सी यांनी पुरुषांविषयीच्या 1948 च्या आपल्या अहवालात शून्य (केवळ भिन्नलिंगी) ते सहा (केवळ समलिंगी) अशी मोजपट्टी वापरली आणि तिच्यात प्रत्यक्ष अनुभव व मानसिक प्रतिसाद एकत्र मोजले. पौगंडावस्थेनंतर कधीतरी समलिंगी अनुभव घेतलेल्या पुरुषांचे प्रमाण त्यांनी 37 टक्के सांगितले आणि आयुष्यभर केवळ समलिंगी राहिलेल्यांचे 4 टक्के. त्यांचा नमुना यादृच्छिक नव्हता, त्यामुळे हे आकडे आज जसेच्या तसे घेता येत नाहीत, तरी एकाच अहवालातील त्या दोन आकड्यांमधील दरी बोलकी आहे. पुढे 1992 साली एडवर्ड लाउमन यांच्या गटाने अमेरिकेत तीन हजारांहून अधिक प्रौढांच्या यादृच्छिक नमुन्यात इच्छा, वर्तन आणि ओळख वेगवेगळी विचारली. स्वतःला समलिंगी किंवा उभयलिंगी, म्हणजे बायसेक्शुअल, म्हणवणारे पुरुष 2.8 टक्के आणि स्त्रिया 1.4 टक्के निघाल्या. तिन्हींपैकी कोणतीही एक बाब लागू असलेले पुरुष मात्र सुमारे 10 टक्के आणि स्त्रिया सुमारे 9 टक्के होत्या. म्हणून 'अमुक इतके टक्के लोक समलिंगी आहेत' असे वाक्य कोणी लिहिले, की त्याने काय विचारले होते हे आधी पाहावे.

ओळख व्यक्तीनेच सांगावी

ओळखीच्या बाबतीत आपले काम फक्त ऐकण्याचे आहे. पुरुषाशी लग्न केलेली उभयलिंगी स्त्री लग्नानंतरही उभयलिंगीच राहते; तिने आता 'बाजू निवडली' असे म्हणणे म्हणजे तिच्या आजच्या वर्तनाला तिच्या आकर्षणापेक्षा मोठे करणे होय. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेली व्यक्ती वर्तनाने संयमी असते, कल तिलाही असतो. याउलट अलैंगिक व्यक्तीला लैंगिक आकर्षणच वाटत नाही, आणि तरीही प्रेमाखातर किंवा अपत्यासाठी तिने संबंध ठेवलेले असू शकतात. अँथनी बोगार्ट यांनी 2004 साली ब्रिटनमधील 18 हजारांहून अधिक लोकांच्या सर्वेक्षणाच्या आधारे दाखवले, की सुमारे 1 टक्का लोकांनी आपल्याला कधीच कोणाविषयी लैंगिक आकर्षण वाटले नाही असे सांगितले होते. ब्रह्मचारी आणि अलैंगिक यांच्यातील हा फरक वर्तनाची व्याख्या धरून सांगताच येत नाही.

तिन्ही जुळत नसतील तर

बहुतेक माणसे आपल्याकडे येतात ती याच कारणाने. खोलीत येणारे दृश्य साधारणपणे असे असते: 28 वर्षांचा मुलगा खाली मान घालून बसलेला, शेजारी आई, आणि वडिलांच्या हातात मोबाइलवर आलेल्या एका स्थळाचा फोटो व पत्रिका. मुलाने घरी सांगितलेले असते, म्हणूनच ते आलेले असतात. वडील आवाज खाली आणून विचारतात, 'त्याने अजून तसे काही केलेले नाही, डॉक्टर. नुसते मनात आहे. लग्न झाले की होईल ना सगळे नीट?' या एका वाक्यात वर्तनाची व्याख्या संपूर्णपणे सामावलेली आहे. काही केलेले नाही, म्हणजे तो अजून 'तसा' झालेला नाही, आणि दुसरे काही करायला लावले की दुसरा होईल, अशी त्यांची मनोमन समजूत असते. तिच्यात दुष्टपणा नसतो. पोराचा संसार व्हावा ही तळमळ असते, आणि तिची दखल घेतल्याशिवाय पुढे बोलू नये.

अशा वेळी मी सुचवीन ते उत्तर असे: 'काका, त्याने काही केले आहे की नाही, यावर हे अवलंबून नाही. तुमचे लग्न ठरण्याआधीही तुम्हाला मुलगीच आवडत होती ना? त्यालाही तसेच आधीपासून माहीत आहे. लग्नाने त्याचे वागणे काही काळ बदलेल, त्याची ओढ बदलणार नाही. आणि ज्या मुलीचा फोटो तुमच्या हातात आहे, तिला तुम्ही यातले काय सांगणार आहात?' शेवटचा प्रश्न कठोर वाटला तरी टाळू नये. त्या मुलीची संमती अपुऱ्या माहितीवर घेतली जाते, आणि पुढे तिला नकोसेपणाचे कारण स्वतःच्या रूपात, वजनात, स्वयंपाकात शोधत बसावे लागते. मुलाचा कल जितका खरा, तितकाच तिचा हक्क खरा, आणि समुपदेशकाने खोलीत नसलेल्या त्या व्यक्तीची बाजू मांडलीच पाहिजे.

'औषधाने बदलता येईल का?' हा प्रश्न त्यापाठोपाठ येतो. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली समलैंगिकता हा आजार नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. मद्रास उच्च न्यायालयात सुरू असलेल्या एका प्रकरणातील आदेशांनंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 साली राज्य वैद्यकीय परिषदांना कळवले, की कल बदलण्याचे तथाकथित उपचार, म्हणजेच कन्व्हर्जन थेरपी, करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन आहे. असे उपचार ज्या विशिष्ट गृहीतकावर चालतात तेही पालकांना समजावून सांगावे: ते माणसाला काही वर्तन बंद करायला किंवा सुरू करायला लावतात आणि त्यालाच कल बदलला असे म्हणतात. गप्प बसलेला मुलगा बरा झालेला नसतो. त्याची झोप, भूक आणि जगण्याविषयीचे बोलणे यांकडे अशा दिवसांत फार बारकाईने लक्ष ठेवावे, आणि आत्महत्येचे विचार येतात का हे त्याला एकट्याला भेटून थेट विचारावे. विचारल्याने ते विचार वाढत नाहीत.

आधीच लग्न झालेला पुरुष किंवा स्त्री आली असेल, तर तिला कोणत्याही एका मार्गाकडे ढकलू नये. कोणी जोडीदाराला सांगून वेगळे होण्याचे ठरवतो, कोणी सांगून एकत्र राहण्याचे, आणि कोणाला अजून काहीच ठरवता येत नाही. तूर्तास लैंगिक आरोग्याची तपासणी आणि पत्नीला संसर्गाचा धोका असल्यास त्याविषयीचे स्पष्ट बोलणे, एवढे मात्र पुढे ढकलता येणार नाही. येथे पुन्हा वर्तनाची माहिती उपयोगी पडते.

नोंद करताना

नोंदवहीत एकच रकाना ठेवू नये. 'कल: समलिंगी' असे दोन शब्द लिहून पान उलटले, की पुढच्या डॉक्टरला धोका, नाते आणि ताण यांपैकी काहीही कळत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: 'आकर्षण: पौगंडावस्थेपासून केवळ पुरुषांविषयी, शारीरिक व भावनिक दोन्ही. वर्तन: गेल्या सहा महिन्यांत पत्नीशी, पुरुषाशी एकदा, निरोधासह. ओळख: स्वतःसाठी कोणताही शब्द वापरत नाही.' या तीन ओळींत कोणाचाही निवाडा नाही, आणि प्रत्येक ओळ वेगळ्या कामाला येते. व्यक्तीने 'गे', 'समलिंगी', 'बाय' किंवा 'मी फक्त त्याच्यावर प्रेम करतो' असे जे काही म्हटले असेल, ते अवतरण चिन्हांत तसेच उतरवावे. आपल्याला शास्त्रीय वाटणारा शब्द त्याजागी घालू नये.

हे कागद कोणाच्या हाती पडतात, याची जबाबदारी लिहिणाऱ्यावर आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे, आणि लैंगिक कलावरून सेवेत भेदभाव करता येत नाही. एचआयव्हीविषयी त्याच वर्षी झालेला कायदा चाचणीपूर्वी माहितीपूर्ण संमती घेणे आणि चाचणीचा निकाल गुप्त ठेवणे बंधनकारक करतो. मोठ्याने नाव पुकारून 'पुढचा एमएसएम पाठवा' असे म्हणणे हा गोपनीयतेचा भंगच आहे, मग कपाटाला कितीही कुलपे असोत.

नोंदीवर तारीख घालावी आणि काही काळाने पुन्हा विचारावे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी स्वतःला पूर्णतः भिन्नलिंगी न म्हणवणाऱ्या 79 स्त्रियांच्या दहा वर्षे पुन्हा पुन्हा मुलाखती घेतल्या, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश स्त्रियांनी त्या काळात स्वतःला म्हणवून घेण्याचा शब्द किमान एकदा बदललेला आढळला. त्या मानाने त्यांच्या आकर्षणात झालेले बदल थोडे होते. शब्द बदलला म्हणजे आधीचे सांगणे खोटे होते, असा अर्थ काढू नये. जुनी नोंद खोडू नये. तिच्याखाली नवी तारीख घालून त्या दिवशी सांगितलेले लिहावे. व्यक्तीला दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायचे असेल, तर तिन्ही ओळींपैकी कोणती त्या डॉक्टरला कळलेली चालेल, हे तिला विचारून तेवढीच चिठ्ठीत उतरवावी.